एका विद्यार्थिनीची उमेदवारी आणि मंदिराचा इतिहास

कृष्णामाईच्या खोऱ्यातील लहानमोठ्या सर्व गावांप्रमाणे या गावाचाही प्राण म्हणजे ग्रामदैवत श्रीभैरवनाथाचे मंदिर होय. ओढ्याच्या काठी, पांढरीच्या मध्यभागी हे पूर्वाभिमुख मंदिर उभे आहे. समोर दीपमाळ, उजव्या हातास पिंपळाचा पार व मागील बाजूस दोन वीरगळ आहेत. लग्नाची पहिली अक्षत येथे, पेरणीचा नारळ येथे आणि मुंबईस पोटामागे गेलेल्या चाकरमान्याचा वर्षातून एकदा होणारा मुक्कामही येथेच. अशा या मंदिराच्या जीर्णोद्धाराचे कार्य जेव्हा हाती घेण्यात आले, तेव्हा समितीपुढे पैशाचा प्रश्न होताच. परंतु त्याबरोबर आणखी एक प्रश्न उभा राहिला. प्रवेशद्वारी संगमरवरी शिला बसवावयाची, तर तिच्यावर काय कोरावे? हे मंदिर बांधले कोणी?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात गावातील एका विद्यार्थिनीचा मोठा वाटा आहे. तिची हकीकत व तिच्या हातून उजेडात आलेला कागद यांची माहिती ग्रामस्थ व देणगीदार बंधुभगिनींस व्हावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

गावात चालत आलेल्या समजुती

मंदिराविषयी गावात तीन समजुती पिढ्यान्पिढ्या चालत आल्या आहेत. पहिली, पांडवांनी एका रात्रीत मंदिर बांधले व कोंबडा आरवताच काम अर्धे टाकून ते निघून गेले. दुसरी, मंदिर हेमाडपंती आहे. तिसरी, पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांनी ते बांधविले.

पांडवांची कथा महाराष्ट्रातील शेकडो देवळांविषयी सांगतात. तिच्यामागे श्रद्धा आहे, पुरावा नाही. हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत हा तेराव्या शतकात देवगिरीच्या महादेव व रामचंद्र या यादव राजांचा मंत्री होता. चुना न वापरता घडीव दगड एकमेकांत बसवून केलेल्या बांधकामास त्याचे नाव पडले. पुढे पुढे तर काळ्या दगडाचे कोणतेही देऊळ दिसले की त्यास हेमाडपंती म्हणण्याचा प्रघात पडला. अहिल्याबाईंचे म्हणाल तर १७६७ ते १७९५ या आपल्या कारकीर्दीत त्यांनी काशीविश्वेश्वरापासून वेरूळच्या घृष्णेश्वरापर्यंत अनेक देवळे, घाट व धर्मशाळा बांधल्या अथवा दुरुस्त केल्या. त्यामुळे बांधणाऱ्याचे नाव विस्मरणात गेले की त्या जागी अहिल्याबाईंचे नाव आपोआप येऊन बसते. यात त्या थोर स्त्रीविषयीचा आदर आहे, हे खरेच. परंतु आदर म्हणजे पुरावा नव्हे.

जवळच्या वाईत ढोल्या गणपतीचे देऊळ सरदार गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधले, हे निश्चितपणे सांगता येते. सरदारांची दप्तरे राहिली, म्हणून त्यांच्या देवळांचा इतिहासही राहिला. लहान गावांचे कागद मात्र कोणी फारसे जपले नाहीत.

उमेदवारीस प्रारंभ

गावातील एका शेतकरी कुटुंबातील मुलगी तालुक्याच्या महाविद्यालयात इतिहास विषय घेऊन पदवीच्या शेवटच्या वर्षात शिकत होती. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पदवीच्या विद्यार्थ्यांनी काही काळ प्रत्यक्ष कामाचा अनुभव घ्यावा, असे सांगितले आहे. त्यास हल्ली इंटर्नशिप म्हणतात. जुन्या लोकांच्या भाषेत ती उमेदवारीच. तिच्या वर्गातील कोणी पतपेढीत गेले, कोणी औद्योगिक वसाहतीतील कचेरीत. या मुलीने तालुक्याच्या गावचे इतिहास मंडळ निवडले. घरी हे कोणास पसंत पडले नाही. जुन्या कागदांच्या धुळीत दोन महिने घालवून पोरीला पुढे मिळणार काय, असे वडिलांनी विचारले. आजीने मात्र, देवाधर्माचे काही कळले तर कळू दे, म्हणून तिला एस. टी.च्या पासाचे पैसे दिले.

मंडळाची जागा म्हणजे सार्वजनिक वाचनालयाच्या माडीवरील दोन खोल्या. एका खोलीत लोखंडी कपाटे, दुसरीत लांब मेज व चार खुर्च्या. मोडी वाचणारे एक निवृत्त शिक्षक तेथे रोज दुपारी येऊन बसतात. त्यांना सर्वजण गुरुजी म्हणतात. पहिल्याच दिवशी एखादी सनद हाती पडेल, तिच्यावर शिक्कामोर्तब असेल, असे त्या मुलीला वाटले होते. प्रत्यक्षात पहिले दोन आठवडे तिच्या हाती मऊ कुंचला व नोंदवही यांखेरीज काही आले नाही.

ते दिवस तिला कंटाळवाणे वाटले. परंतु पुढे तेच उपयोगी पडले. कापडी रुमालाची गाठ सोडताना आधी मेज कोरडे आहे की नाही ते पाहावे. घडी पडलेला कागद ओढून उलगडू नये. बोटास थुंकी लावून पान उलटू नये. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नये, कारण तिचा डिंक पुढे कागदच खातो. दमट कागद उन्हात टाकू नये, सावलीत वाऱ्यावर ठेवावा. कागद ज्या क्रमाने बांधलेले असतील तो क्रम मोडू नये, कारण कोणता कागद कोणाशेजारी होता हीदेखील माहितीच असते. प्रत्येक कागदास क्रमांक, लांबीरुंदी, कोणाकडून आला आणि कोणत्या स्थितीत आला, याची नोंद झाल्यावाचून तो वाचावयास घेऊ नये, असा मंडळाचा शिरस्ता आहे.

एकदा कंटाळून तिने गुरुजींना विचारले, की वाचावयास केव्हा मिळणार? तेव्हा त्यांनी तिला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांची माहिती सांगितली. राजवाडे (१८६३–१९२६) यांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून, कोणाच्या माळ्यावरून तर कोणाच्या अडगळीतून दप्तरे मिळविली. वाईस सापडलेल्या पत्रांवरून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या ग्रंथमालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला व पुढे तिचे बावीस खंड झाले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली, तीही राजवाडे व सरदार खंडेराव मेहेंदळे यांच्या पुढाकाराने. मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे शाळेत शिकवीत असत आणि उरलेल्या वेळात पटवर्धन सरदारांचे दप्तर वाचीत. साताऱ्यास द. ब. पारसनीस यांनी कागद व चित्रे यांचा मोठा संग्रह केला. ही सर्व मंडळी आधी रुमाल सोडून धूळ झाडणारीच होती, एवढेच गुरुजींनी सांगितले. त्या दिवसापासून तिने पुन्हा तक्रार केली नाही.

मोडी व मृगसाल

तिसऱ्या आठवड्यापासून मोडीचे धडे सुरू झाले. बोरू न उचलता भराभर लिहिता यावे म्हणून मोडीत अक्षरास अक्षर जोडलेले असते. शब्द कोठे संपला हे दाखविणारी जागा सोडलेली नसते. ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळलेला नसतो. वारंवार येणारे शब्द तोडून लिहिलेले असतात. प्रांत याऐवजी नुसते ‘प्रां।’, मौजे याऐवजी ‘मौ।’. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांतून मोडी शिकवीत असत, म्हणून गावातील कित्येकांच्या आजोबांस ती सहज वाचता येत होती. आज घरात मोडी कागद आहे आणि घरातील एकासही तो वाचता येत नाही, अशी सर्वत्र स्थिती आहे.

मोडीपेक्षाही तिला अवघड गेली ती कालगणना. पेशवाईतील कागदांवर पुष्कळदा शुहूर सन घातलेला असतो. मृग नक्षत्रास सूर्य आला की हे साल बदलते, म्हणून शेतकरी त्यास मृगसाल म्हणत. त्याचे आकडे अरबी शब्दांत लिहीत व एकम आधी, मग दशक, मग शतक, शेवटी सहस्र असा उलटा क्रम असे. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर व हजार, एकूण ११६१. त्यात ५९९ मिळविले की १७६० येते. म्हणजे जून १७६० च्या सुमारास सुरू होऊन पुढील मृगापर्यंत चालणारे हे वर्ष. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली, ती याच सालात. हे गणित तिने घरी आजीस समजावून सांगितले, तेव्हा मृगापासून वर्ष धरणे हेच बरोबर, असे आजी म्हणाली.

गुरवांच्या घरातील रुमाल

एका रविवारी ती घरी आली असता आजीबरोबर गुरवांच्या घरी गेली. गुरवांच्या घरी देवाचे काही कागद आहेत, असे आजीने लहानपणी ऐकले होते. घरातील वृद्ध मातोश्रींनी सांगितले, की असे तीन रुमाल होते. जुने घर पाडून नवे बांधताना त्यांतील दोन ओढ्याला पूर आला असता पाण्यात सोडले. कोणास वाचता येईनात, घरात वाळवी लागली, आणि देवाचे कागद उकिरड्यावर कसे टाकावे, म्हणून त्यांनी ते हळदकुंकू वाहून विसर्जन केले होते. या कृतीत अनादर मुळीच नव्हता. परंतु गावाच्या इतिहासाचे दोन भाग अशा रीतीने श्रद्धेनेच कृष्णेत गेले.

तिसरा रुमाल देव्हाऱ्यावरच्या फळीवर होता. ‘ने बाळे, पण परत आणून दे,’ एवढ्याच अटीवर मातोश्रींनी तो तिच्या हवाली केला. मंडळाने त्याची रीतसर पोच दिली. रुमालात लहानमोठे सतरा कागद निघाले. बहुतेक दिवाबत्तीचे तेल, उत्सवाचा खर्च व मानपानाची भांडणे यांविषयीचे होते. एक लांब कागद मात्र वेगळा होता. त्याच्या डोक्याचा भाग कसरीने खाल्लेला होता. त्यात देवालयाच्या कामाचा उल्लेख होता, आणि दुसऱ्या ओळीत, कसरीच्या भोकास लागून, ‘बाई’ असा शब्द तिला दिसला.

कागद पेशवाईतील, काम देवालयाचे, आणि नाव कोणा बाईचे. भोकात गेलेली अक्षरे काय असतील हे तिला सांगावे लागले नाही. तिने त्याच सायंकाळी घरी फोन केला. वडील समितीचे सभासद. रात्री आरतीच्या वेळी सर्व गावास कळले, की अहिल्याबाईंचा कागद सापडला. पेढे वाटले गेले. मुंबईतील एका देणगीदारांनी प्रवेशद्वाराचा संपूर्ण खर्च देण्याचे जाहीर केले. ‘पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांनी बांधविलेले मंदिर’ अशी शिला कोरण्याचे काम साताऱ्याच्या कारागिराकडे देण्यात आले.

एका अक्षराची चूक

चार दिवसांनी गुरुजी बाहेरगावाहून परतले. त्यांनी कागद पाहिला व काहीही न बोलता तिला एक काम सांगितले. या कागदात जेथे जेथे व आहे आणि जेथे जेथे ब आहे, ती सर्व अक्षरे जशीच्या तशी दोन रांगांत उतरून काढावयाची. प्रत्येक लेखकाचा हात वेगळा असतो. म्हणून अडलेले अक्षर पुस्तकातील तक्त्यावरून न ठरविता त्याच लेखकाच्या त्याच कागदातील अक्षरांवरून ठरवावे, हा मोडी वाचण्याचा नियम आहे.

दोन रांगा पूर्ण होताच तिला आपली चूक कळली. ते अक्षर ब नव्हते, व होते. शब्द ‘बाई’ नसून ‘वाई’ होता. भोकाच्या कडेस राहिलेली रेघ ही ‘प्रां।’ या संक्षेपाची होती. गाव ज्या प्रांतात मोडत असे त्या प्रांत वाईचे नाव, जसे अशा प्रत्येक कागदावर असते तसे, तेथे लिहिलेले होते. अहिल्याबाईंचा त्या कागदाशी काहीही संबंध नव्हता.

त्या रात्री ती जेवली नाही. गावात मोडी जाणणारे दुसरे कोणी नाही. ती गप्प राहिली असती तर शिला बसली असती, देणगी आली असती आणि कोणास काही कळलेही नसते. गुरुजींनी तिच्यावर कसलीही सक्ती केली नाही. मंडळाच्या नोंदवहीत खरे वाचन लिहिले जाईल. गावास काय सांगावयाचे ते तिने ठरवावे, असे ते म्हणाले. तिने दुसऱ्या दिवशी पूर्ण कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचावयास घेतला. या वेळी तिला जे हवे होते ते न शोधता, कागदात जे आहे ते ती वाचू लागली.

कागदात काय आहे

कागदाच्या शेवटी साल आहे, परंतु त्यातील एकमाचा शब्द कसरीने गेला आहे. ‘समानीन मया व अलफ’ एवढे राहिले आहे. समानीन म्हणजे ऐंशी. यावरून हे साल ११८१ ते ११८९ यांपैकी एक, म्हणजे १७८० ते १७८९ या नऊ वर्षांच्या अवधीतील ठरते. त्या वेळी पुण्यास सवाई माधवराव पेशवे गादीवर होते. नेमके वर्ष सांगता येत नाही, म्हणून ते येथे दिलेले नाही.

हा कागद मंदिर बांधल्याचा नसून दुरुस्त केल्याचा आहे. अतिवृष्टीने मंडप बसला, तेव्हा गाव चावडीवर जमले व कोणी काय द्यावयाचे ते ठरले. पाटलांनी धान्य व चौगुल्यांनी बैल दिले. कुळकर्ण्यांनी हिशेब ठेवला. वाण्याने चुन्यात घालावयास गूळ दिला. सुताराने तुळया घडविल्या, लोहाराने पहारी शेवटून दिल्या. चांभाराने पाण्याच्या मोटा शिवल्या, मांगांनी दोर वळले. महारांनी खाणीवरून दगड वाहून आणला व चुन्याची घाणी चालविली. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांनी आपापली निशाणी केली आहे. पाटलांचा नांगर, वाण्याचा तराजू, महारांचा विळा व दोर. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात बलुतेदारीचे जे वर्णन आहे, ते या एका कागदावर प्रत्यक्ष उभे राहते.

आणि यादीच्या अगदी तळाशी खरोखरच एका स्त्रीची नोंद आहे. ती कोणी सरदारीण नव्हे. गावातीलच एक विधवा. तिने कामावरील माणसांस आठ दिवस भाकरी घातली. तिच्या नावापुढे बांगडीची निशाणी आहे.

मंदिराची पाहणी केली असता कागदाशी जुळणाऱ्या खुणाही दिसल्या. मंडपाचे दगड चुन्यात बसविलेले आहेत, तर गाभाऱ्याचे दगड चुन्याशिवाय एकमेकांत बसविलेले आहेत. म्हणजे गाभारा जुना व मंडप नंतरचा. माणसाप्रमाणे देवळास एकच वय नसते. प्रत्येक पिढी त्यात आपली भर घालीत असते. गाभारा कोणी बांधला हे या कागदावरून कळत नाही. आणि जे कळत नाही ते शिलेवर कोरू नये.

ग्रामसभेतील प्रसंग

पुढील शनिवारी मंदिराच्या पारावर बैठक भरली. मुलीने उभे राहून प्रथम आपली चूक सांगितली. सभेत नाराजी पसरली. शिलेचे पैसे दिले गेले होते. आहे तीच शिला बसवावी, अहिल्याबाईंचे नाव लावल्याने कोणाचे काय बिघडते, असे काहींनी म्हटले. ते बोलणे वाईट हेतूचे नव्हते. मोठ्या नावाने गावाची शोभा वाढते, असे त्यांना वाटत होते.

त्यावर काही उत्तर न देता तिने यादी वाचून दाखविण्याची परवानगी मागितली. एकेक नाव व त्याचे काम ती वाचू लागली, तशी सभा शांत होत गेली. बहुतेक आडनावे आजही गावात नांदत आहेत. आपल्या खापरपणजोबांनी या देवळास काय दिले, हे त्या घरांतील माणसे प्रथमच ऐकत होती.

महारांच्या नोंदीशी ती आली तेव्हा बौद्धवाडीतील एक वयोवृद्ध गृहस्थ पाराच्या कडेस उभे होते. १९५६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात धम्मदीक्षा दिल्यानंतर ही वाडीही बौद्ध झाली. त्यापूर्वी, पंढरपूरचे मंदिर सर्वांस खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये उपोषण केले, त्या काळापर्यंत या गावातही महारांना दीपमाळेच्या पुढे येण्यास मज्जाव होता. ज्यांनी मंडपाचा दगड वाहिला, त्यांच्याच नातवंडा-पतवंडांना त्या मंडपात पाऊल ठेवता येत नव्हते. ही गोष्ट गौरवाच्या पुस्तिकेत लिहिण्यास बरी वाटत नाही. परंतु ती खरी आहे, आणि इतिहास लिहावयाचा तर तीही लिहिली पाहिजे.

ते गृहस्थ शांतपणे बोलले. आता आमचा मार्ग निराळा आहे, देवळात आमचे काही मागणे नाही, असे ते म्हणाले. ‘पण दगड आमच्या वाडवडिलांनी वाहिला असेल, तर तेवढे लिहा.’ यानंतर कोणी फार बोलले नाही. समितीच्या ज्येष्ठ सभासदांनी उठून सांगितले, की अहिल्याबाईंचे नाव गावास परके नाही, ते मनात राहील. दारावर मात्र ज्यांनी काम केले त्यांचे नाव असावे. सभेने टाळ्या वाजविल्या नाहीत, पण विरोधही कोणी केला नाही. मुंबईच्या देणगीदारांस सर्व हकीकत कळविण्यात आली. यादीत त्यांच्याही घराण्याची नोंद आहे, हे समजल्यावर त्यांनी जाहीर केलेली रक्कम कायम ठेवली.

कोरलेली शिला वाया गेली नाही. कारागिराने ती उलटवून दुसऱ्या बाजूस नवा मजकूर कोरून दिला. अठराव्या शतकाच्या शेवटी समस्त गावकरी, बारा बलुतेदार व एका अन्नदात्या भगिनीने मंडपाची दुरुस्ती केली, असा तो मजकूर आहे. त्याखाली नांगर, तराजू, विळा-दोर व बांगडी या चार निशाण्या कोरल्या आहेत. दर्शनास येणाऱ्यांनी त्या अवश्य पाहाव्यात.

पुढील कार्य

त्या विद्यार्थिनीची उमेदवारी दोन महिन्यांनी संपली. महाविद्यालयाने तिला प्रमाणपत्र दिले. तिच्या वडिलांनी ते घरात चौकटीत लावले आहे. परीक्षा संपल्यावरही ती दर रविवारी मंडळात जाते. सतराही कागदांची छायाचित्रे मंडळात ठेवण्यात आली असून मूळ रुमाल ठरल्याप्रमाणे गुरवांच्या घरी परत देण्यात आला. मातोश्रींनी तो कापूस भरलेल्या पत्र्याच्या पेटीत ठेवला आहे. आता तो पाण्यात जाणार नाही.

जीर्णोद्धाराच्या कामातही या अनुभवाचा उपयोग झाला. दीपमाळेच्या चौथऱ्यावर रंगाचे व शेंदराचे थर चढले होते. ते छिन्नीने अथवा वाळूच्या फवाऱ्याने काढावयाचे होते. मंडळाच्या सांगण्यावरून ते काम थांबवून मऊ कुंचला व पाणी यांनीच सावकाश स्वच्छता करण्यात आली. दोन्ही वीरगळ फरशीखाली न गाडता पूर्वीच्याच जागी उंच ओटा करून उभे केले आहेत. जुन्या मंडपाचे जे दगड काढावे लागले, त्यांपैकी चांगले दगड नव्या ओवरीच्या पायरीस लावले आहेत. त्या पायरीवरून आता सर्वांस जाता येते.

गावात अजून कित्येक घरी माळ्यावर, देव्हाऱ्यामागे, जुन्या पेट्यांत असे रुमाल असतील. त्यांत कदाचित जमिनीचे वाद निघतील, कदाचित पूर्वजांच्या उणिवाही निघतील. त्या भीतीने कागद दडवू नयेत. वाचता येत नाहीत म्हणून ते विसर्जन करू नयेत, जाळू नयेत, रद्दीत घालू नयेत. मंडळास दाखवावेत, छायाचित्र काढून घेऊन मूळ आपल्याच घरी ठेवावेत. यात कोणाचे काही जात नाही. मंदिराचा दगड हा जसा गावाचा ठेवा, तसाच कागदही.

सव्वादोनशेहून अधिक वर्षांपूर्वी मंडप बसला तेव्हा गाव एकत्र आले. कोणी धान्य दिले, कोणी घाम दिला, कोणी भाकरी दिली. आज पुन्हा तेच घडले आहे. या स्मरणिकेच्या शेवटी देणगीदारांची जी यादी दिली आहे, ती त्या जुन्या यादीचेच पुढचे पान होय. उद्या एखादा विद्यार्थी हेही पान उघडील व अक्षर अक्षर लावून वाचील. त्याला येथे खरे तेच सापडावे, एवढीच श्रीभैरवनाथाच्या चरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥